करंगळीचं ओझं अंगठ्यावर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या या वाचक घरून भाषांतर आणि मुद्रितशोधन करतात. चौदा वर्षं इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) मराठी टाइप करतात, निम्मं काम इंग्रजीतही असतं. रोजचं सात-आठ तास टायपिंग. वर्षभरापासून उजव्या मनगटाची बाहेरची कड दुखते, संध्याकाळी करंगळीला मुंग्या येतात. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं सुचवलं की दोन तुकड्यांचा, म्हणजे स्प्लिट कीबोर्ड घरीच बनवू. विकतचा फार महाग पडतो. त्यानं ४२ बटणांचा ‘कॉर्न’ निवडलाय. बाईंनी आजवर सोल्डरिंग (धातूची तार वितळवून विजेचे सांधे जोडणं) केलेलं नाही, खर्चाची मर्यादा दहा हजार, आणि पुढच्या महिन्यात चारशे पानांचं पुस्तक हाती येतंय. त्या विचारतात: असा कीबोर्ड बनवला तर दुखणं थांबेल का? आणि मला तो जमेल का?

ताई,

सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात. दुखतं ते उजव्या करंगळीच्या बाजूला, आणि तुम्ही इनस्क्रिप्ट वापरता. भाच्यानं पाहिलेले बहुतेक व्हिडिओ इंग्रजी टाइप करणाऱ्यांनी, त्यातही प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी, स्वतःच्या सोयीनं बनवलेत. त्यांचा प्रश्न वेगळा, तुमचा वेगळा.

एक शब्द घ्या: ‘त्याच्या’. मराठीच्या कुठल्याही पानावर दहा वेळा येणारा. इनस्क्रिप्टमध्ये त्याला आठ ठोके लागतात: त, हलन्त, य, काना, च, हलन्त, य, काना. हलन्त आणि काना डाव्या मधल्या बोटाचे, त उजव्या अनामिकेचा. राहिले य, च, य. तिन्ही उजव्या करंगळीचे. आता उजव्या करंगळीकडे आणखी काय काय आहे ते मोजा. ज, च, ट, य, ड, ॉ, या सगळ्यांची शिफ्टवाली भावंडं झ, छ, ठ, ढ, ऑ, शिवाय बॅकस्पेस, एंटर आणि उजवी शिफ्ट. इंग्रजी टाइप करणाऱ्याच्या करंगळीला एक पी आणि थोडी विरामचिन्हं सांभाळावी लागतात. तुमची करंगळी अर्धं दुकान सांभाळते. आणि दोन्ही अंगठे मिळून काय करतात? एक स्पेसबार दाबतात.

म्हणून ‘स्प्लिट कीबोर्डनं दुखणं थांबेल का’ हा प्रश्न थोडा बदलून घेऊ. कीबोर्डचे दोन तुकडे केल्यानं मनगटं सरळ राहतात, खांदे आखडत नाहीत. हा फायदा खराच आहे. पण तुमच्या बाबतीत जास्त फरक पडेल तो करंगळीची कामं अंगठ्याकडे वळवल्यानं. त्यातला काही भाग एक रुपयाही खर्च न करता आजच करून बघता येतो.

त्याआधी दुखण्याबद्दल. करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या अनामिकेला मुंग्या येतात त्या बहुधा अल्नर नावाच्या नसेवर दाब आल्यानं, आणि ती नस कोपराच्या आतल्या बाजूनं जाते. कोपर टेबलाच्या कडेवर टेकत असेल, किंवा फोन कानाला लावून तासन्‌तास हात दुमडलेला राहत असेल, तर जगातला कुठलाही कीबोर्ड ते बरं करणार नाही. रात्री झोपेतून उठवणारी बधिरता, पकड सैल होणं, हातातून वस्तू निसटणं यांपैकी काहीही असेल तर आधी हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरकडे जा. सोल्डरिंगचं नंतर बघू. मी कीबोर्डबद्दल सांगू शकते, नसेबद्दल नाही.

आता दोन आठवड्यांचा स्वस्त प्रयोग. तुमच्या कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांचा पॅड असेल आणि त्याच्याही पलीकडे माउस. तो माउस आठवडाभर डाव्या हाताला ठेवा. मग मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवरटॉइज’ हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये उजव्या ऑल्टला बॅकस्पेस करा. स्पेसबारच्या उजवीकडचं ते बटण अंगठ्याला सहज पोचतं, आणि मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाचं बॅकस्पेसशिवाय चालतच नाही. दुसरा आठवडा: चार-पाचशे रुपयांचा आणखी एक साधा यूएसबी कीबोर्ड आणा आणि दोन्ही शेजारी शेजारी, खांद्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर ठेवा. डावा हात एकावर, उजवा दुसऱ्यावर. विंडोजमध्ये एका कीबोर्डची शिफ्ट दुसऱ्यालाही लागू होते (मॅकवर अशी आपोआप होत नाही). दिसायला विचित्र वाटेल, घरचे हसतीलही, पण स्प्लिट म्हणजे हाताला काय वाटतं ते आठवडाभरात कळेल. या प्रयोगानं तसूभरही फरक पडला नाही, तर दहा हजार वाचले.

यात आणखी एक गोष्ट उघडी पडेल. इनस्क्रिप्टमध्ये ‘व’ इंग्रजी बीच्या जागी आणि ‘ब’ वायच्या जागी असतो. स्प्लिट कीबोर्डमध्ये व डाव्या तुकड्यात राहतो, ब उजव्या. व उजव्या तर्जनीनं मारायची सवय असेल, आणि पुष्कळांना ती असते, तर ते बोट थेट टेबलावर आपटेल. ही सवय आधीच सुटली तर पुढचे पंधरा दिवस सोपे जातील.

समजा प्रयोगानं बरं वाटलं. मग कोणता कीबोर्ड? इथे भाच्याशी माझा मतभेद आहे. कॉर्न सुंदर आराखडा आहे: प्रत्येक हाताला तीन ओळी, सहा स्तंभ आणि अंगठ्याला तीन बटणं, म्हणजे २१ गुणिले दोन. पण त्यात आकड्यांची ओळच नाही. इंग्रजीवाल्याला आकडे दुसऱ्या लेयरमध्ये (एक बटण धरलं की बाकीच्या बटणांचे अर्थ बदलतात, त्या थरात) ठेवून चालतं. इनस्क्रिप्टवाल्याचं मात्र त्या ओळीत बरंच काही असतं: शिफ्ट धरून २ वर ॅ, ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र. याशिवाय ृ बरोबरच्या चिन्हावर, ड पीच्या उजवीकडच्या चौकोनी कंसावर, ॉ उलट्या तिरक्या रेघेवर. ‘कृपया’, ‘डॉक्टर’, ‘बॅग’ यांतली अक्षरं लपवून ठेवलेल्या लेयरमध्ये शोधायची असतील तर भाषांतर कधी करणार? जुन्या फॉन्टांतलं टाइपरायटर पद्धतीचं टायपिंग करणाऱ्यांनी तर ४२ बटणांच्या वाटेला जाऊच नये. त्या मांडणीला कीबोर्डचा कोपरा न् कोपरा लागतो.

तुमच्यासाठी ‘लिली५८’ घ्या. बटणं ५८, प्रत्येक हाताला २९: सहा-सहाच्या तीन ओळी, खालची सातची, आणि अंगठ्याला चार. आकड्यांची ओळ आहे, आराखडा खुला, म्हणजे कुणालाही वापरता येणारा आहे, भागही सहज मिळतात. ‘सोफल’ हाही ५८ बटणांचा चांगला पर्याय आहे, त्यात फिरवायची खुंटीही असते. पण लिलीत खालच्या ओळीच्या आतल्या टोकांना जी दोन जादा बटणं आहेत, ती मराठीला फार उपयोगी पडतात. त्यांच्याकडे पुढे येते.

इथे एक गैरसमज काढून टाकू. कीबोर्ड अक्षरं पाठवत नाही. तो फक्त ‘अमुक क्रमांकाचं बटण दाबलं’ एवढंच सांगतो. त्याचा क करायचा की के, ते संगणक ठरवतो. त्यामुळे ‘मराठी कीबोर्ड बनवायचा’ असं वेगळं काही नसतं. ड ज्या बटणाच्या क्रमांकावर उमटतो, तो क्रमांक तुम्ही हव्या त्या जागी नेऊन बसवू शकता. घरी बनवलेल्या कीबोर्डाची खरी कमाई हीच.

आता पैशांचं. ‘घरी बनवला तर स्वस्त’ हे अर्धसत्य आहे. पहिल्या कीबोर्डाला तो फारसा स्वस्त पडत नाही, कारण अवजारंही विकत घ्यावी लागतात. ढोबळ हिशेब असा धरा: सर्किट बोर्डांची जोडी आणि वरच्या-खालच्या प्लेटा दीड ते अडीच हजार, दोन कंट्रोलर (प्रत्येक तुकड्याचा मेंदू असलेली छोटी पट्टी) हजाराच्या आसपास, स्विच (प्रत्येक बटणाखालची कळ) प्रत्येकी पंचवीस ते चाळीस रुपये, स्विचची सॉकेटं सहाशे, कीकॅप (बटणांच्या टोप्या) दीड-दोन हजार, डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे बारीक भाग), जॅक, वायर, स्क्रू मिळून सहा-सातशे. यावर अवजारांचे दोन हजार. बेरीज नऊ ते अकरा हजारांत जाते. बोर्ड चीनमधून मागवले तर कस्टम आणि कुरिअर वेगळं, शिवाय तिथले बोर्ड बनवणारे एका खेपेला कमीत कमी पाच नग देतात. एका कीबोर्डाला दोनच लागतात, म्हणजे पाचांत दोन कीबोर्ड होऊन एक बोर्ड उरतो. दुखऱ्या बोटाची एखादी मैत्रीण शोधा, खर्च वाटून जाईल. तेही नको असेल तर आधीच सोल्डर केलेला बोर्ड घ्या आणि घरी फक्त स्विच खोचा. हा मधला मार्ग मला वाईट वाटत नाही. सोल्डरिंग शिकणं हा तुमचा हेतू नसेल तर ते केलंच पाहिजे असं कुठे आहे?

पण करायचंच ठरवलंत तर जमेल. ५८ सॉकेटं आणि ५८ डायोड ही कौशल्यापेक्षा चिकाटीची परीक्षा आहे, आणि मुद्रितं तपासणाऱ्याला चिकाटी शिकवावी लागत नाही. खरेदीत काही गोष्टी नीट बघा.

कंट्रोलर आरपी२०४० चिपचा, प्रो मायक्रोच्या आकाराचा आणि यूएसबी-सी असलेला घ्या. जुन्या प्रो मायक्रोत अवघी ३२ किलोबाइट मेमरी असते, मनासारखी मांडणी भरताना ती अपुरी पडते. शिवाय त्याचा मायक्रो यूएसबीचा सॉकेट जोर लागला की उपटून येतो. या छंदातला हा सगळ्यात नेहमीचा अपघात. बॅटरीवर चालणारा बिनतारी करण्याचा मोह या वेळी टाळा, लिथियम बॅटरी सोल्डर करणं पहिल्या प्रयत्नाचं काम नव्हे. छोटा स्क्रीन आणि रंगीत दिवेही नकोत. दिवे जास्त उष्णतेनं जळतात आणि एक जळला की साखळीतले पुढचे सगळे बंद पडतात.

डायोड १एन४१४८, पायांचा, शंभराचं पाकीट. स्विच ‘हॉटस्वॅप’ सॉकेटात बसणारेच घ्या, म्हणजे आवडला नाही तर न सोडवता बदलता येतो. जोर किती लागतो ते पाहा: दुकानांतल्या टीव्हीएस गोल्डच्या टकटकीची सवय असेल तर ती साठ ग्रॅमच्या आसपासची, तुम्हाला पंचेचाळीस किंवा त्याहून हलका, आवाज न करणारा हवा. उजव्या करंगळीच्या स्तंभात पस्तीस ग्रॅमचे पाच-सहा वेगळे स्विच बसवले तरी कुणी अडवणार नाही. एकूण ६५ घ्या, दोन-चारांचे पाय वाकणारच. कीकॅप घेताना ओळीप्रमाणे उंची बदलणारे नकोत. एक्सडीए किंवा डीएसए नावाचे सगळ्या ओळींना सारखेच असणारे घ्या, म्हणजे कुठलाही कुठेही बसतो. लिलीला ५६ एकेरी आणि दोन दीडपट कीकॅप लागतात. नेहमीच्या संचात टॅब आणि उलटी रेघ हे दोन दीडपटच असतात, ते अंगठ्याला कामी येतात. देवनागरी छापलेले शोधत बसू नका. चौदा वर्षांनी तुम्ही बटणांकडे बघत नसालच; अडलंच तर कडेच्या चार बटणांवर स्टिकर लावा.

दोन तुकड्यांना जोडणारी वायर ३.५ मिलिमीटरची, पण चार टप्प्यांची. पिनेवर तीन काळ्या रिंगा मोजून घ्या. गाण्याच्या साध्या ऑक्स वायरीला दोनच असतात.

अवजारं पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतात, नाहीतर ऑनलाइन. तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग गन किंवा पेन्सिल, ०.८ मिलिमीटरची ६०/४० सोल्डर वायर, फ्लक्स (सांधा नीट धरावा म्हणून लावायचा लेप), सोल्डर ओढायचा पंप, चिमटा, साइड कटर आणि साधा मल्टिमीटर. सोबत सरावासाठी पन्नास रुपयांचा झिरो पीसीबी (नुसत्या छिद्रांचा कोरा बोर्ड) आणि मूठभर रेझिस्टर. पहिली संध्याकाळ त्यांच्यावरच घालवा. टोक ३३० ते ३५० अंशांवर ठेवा. टोकानं आधी पॅड (बोर्डावरचा धातूचा ठिपका) आणि भागाचा पाय दोन्ही तापवा, मग वायर सांध्याला लावा, टोकाला नव्हे. सांधा चमकदार आणि पायाशी उतरता, शंकूसारखा दिसला की बरोबर. मोत्यासारखा गोल, निस्तेज थेंब बसला तर तो धरलेलाच नाही. वायरीत शिसं असतं म्हणून हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, आणि धूर बाजूला जाईल असा पंखा आडवा लावायचा.

प्रत्यक्ष कामात पहिली चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यासाठी वेगळा परिच्छेद हवा. लिलीचा बोर्ड उलटसुलट चालणारा असतो, तोच बोर्ड डाव्यालाही आणि पालथा केला की उजव्यालाही. त्यामुळे लोक दोन डावे कीबोर्ड बनवतात. काम सुरू करण्याआधी दोन्ही बोर्ड टेबलावर आरशातल्या प्रतिमेसारखे ठेवा, अंगठ्याच्या बाजू एकमेकींकडे. दोन्हींच्या वरच्या तोंडावर कागदी टेप चिकटवा आणि ‘डावा, वर’, ‘उजवा, वर’ असं लिहून ठेवा. डायोड आणि सॉकेटं खालून बसतात, कंट्रोलर आणि जॅक वरून. टेप शेवटपर्यंत काढायची नाही.

क्रम असा ठेवा की बारीक वस्तू आधी. डायोडचे पाय वाकवून खोचा. काचेवरची काळी पट्टी बोर्डावर छापलेल्या चौकोनी पॅडाकडे किंवा रेघेकडे आली पाहिजे. उलटा बसला तर ते एक बटण मुकं होतं, बाकी काही बिघडत नाही. एका तुकड्याचे २९ झाले की मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून प्रत्येक तपासा: एका दिशेनं ०.६ च्या आसपास आकडा, उलट दिशेनं काहीच नाही. कापलेले पाय टाकू नका, पुढे लागतील.

मग सॉकेटं. त्यांचे पॅड मोठे असल्यानं उष्णता पितात. दोन-तीन सेकंद टोक धरून ठेवावं लागतं. सॉकेट बोर्डाला सपाट टेकलंय का ते बोटानं... नव्हे, चिमट्यानं दाबून बघा. तिरकं बसलेलं सॉकेट स्विच खोचताना पॅडसकट उखडतं, आणि पॅड उखडणं हा या कामातला सगळ्यात वैतागवाणा बिघाड. म्हणून स्विच खोचताना खालून सॉकेटला बोटाचा आधार द्यायचा आणि त्याआधी स्विचचे दोन्ही पितळी पाय सरळ आहेत ना ते बघायचं.

कंट्रोलर सोल्डर करण्याआधी तो संगणकाला जोडून बघा. त्यावरचं बूटचं बटण दाबून धरत यूएसबी लावली की पेनड्राइव्हसारखी एक खिडकी उघडते. उघडली नाही तर कंट्रोलर परत करा. बोर्डाला जोडल्यावर कोणी परत घेत नाही. फर्मवेअरची (कंट्रोलरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) यूएफ२ फाइल त्या खिडकीत ओढून टाकली की झालं. मूळ लिलीचं फर्मवेअर जुन्या प्रो मायक्रोसाठी आहे, आरपी२०४० साठी रूपांतरित केलेलं हवं. भाच्याला सांगा, त्याच्या पाच मिनिटांचं काम. ‘व्हायल’ या मांडणी बदलायच्या सॉफ्टवेअरची सोय असलेलं मिळालं तर तेच घ्या, म्हणजे मांडणी बदलताना पुन्हा त्याच्या दारात जावं लागणार नाही, पडद्यावर बटणावर क्लिक करून बदलता येतं.

कंट्रोलर बहुधा चिप खाली, बोर्डाकडे तोंड करून बसतो. दोन वेळा तपासा: त्याच्या कडेवरची ‘रॉ’ लिहिलेली पिन बोर्डावरच्या ‘रॉ’ लिहिलेल्या छिद्रात आली पाहिजे, आणि छिद्रांच्या जादा ओळी दिसल्या तर पांढऱ्या चौकटीतल्याच वापरायच्या. शक्य असेल तर कंट्रोलर थेट सोल्डर न करता गोल पिनांच्या सॉकेटपट्टीत बसवा. जपून ठेवलेले डायोडचे पाय त्या पट्टीत पिनांसारखे बसतात. उद्या कंट्रोलर गेला तर चोवीस सांधे सोडवत बसण्यापेक्षा तो उचकटून नवा खोचता येतो.

प्लेट आणि स्विच बसवण्याआधी चाचणी. संगणकात नोटपॅड उघडा, एका सॉकेटची दोन टोकं चिमट्यानं जोडा, अक्षर उमटलं पाहिजे. ५८ वेळा करा. एकच बटण मुकं असेल तर उलटा डायोड किंवा कच्चा सांधा. अख्खी ओळ किंवा अख्खा स्तंभ मुका असेल तर कंट्रोलरची ती एक पिन पुन्हा तापवा. एक अक्षर दोनदा उमटत असेल तर सॉकेटचा सांधा. एक पूर्ण तुकडा बंद असेल तर जॅकचे चार पाय किंवा तीच दोन रिंगांची वायर. आणि डावा तुकडा उजव्याची अक्षरं काढत असेल तर बोर्ड ठीक आहे. यूएसबी उजव्या तुकड्यात लावलीत म्हणून तो स्वतःला डावा समजतोय. नेहमी डाव्यातच लावायची, एवढी सवय पुरते.

एक पथ्य मात्र कायमचं. यूएसबी लावलेली असताना मधली जोडवायर काढायची किंवा घालायची नाही. पिन जॅकमध्ये सरकताना तिच्या रिंगा चुकीच्या पत्र्यांना टेकतात, वीज आणि ग्राउंड एकमेकांना भिडतात आणि कंट्रोलर जाऊ शकतो. घरात लहान मूल किंवा झाडलोट करताना वायर ओढणारं कुणी असेल तर त्यांनाही सांगून ठेवा.

आता मांडणी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. अक्षरं जागची हलवू नका. ड पीच्या उजवीकडे जिथे असतो तिथेच राहू द्या. लिलीत तिथे मूळचा डॅश असतो, तो वरच्या उजव्या कोपऱ्यात न्या, कारण त्या कोपऱ्यातलं चिन्ह मराठीला लागत नाही. खालच्या ओळीतली ती आतली दोन जादा बटणं: एकावर ृ, दुसऱ्यावर ॉ. दोन्ही तर्जनीच्या हद्दीत आले, करंगळी सुटली. नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मराठीत क्वचितच लागतो, तो लेयरमध्ये टाका.

अंगठ्याचं सगळ्यात मोठं बटण डावीकडे स्पेस, उजवीकडे बॅकस्पेस. बॅकस्पेसच्या शेजारी एंटर. स्पेसच्या शेजारी शिफ्ट, पण दाबून धरायची नव्हे; एकदा टेकून सोडली की पुढच्या एकाच अक्षराला लागू होणारी, वन-शॉट. मराठीत शिफ्ट इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त लागते: ण, ळ, श, ष, थ, ठ, ख, भ, आणि सगळे पूर्ण स्वर. ‘शाळा’ एवढ्या चार ठोक्यांत ती दोनदा येते. तो सगळा भार अंगठ्यावर गेला की फरक पहिल्या आठवड्यात जाणवेल. उरलेल्या बटणांपैकी एकाला विंडोज आणि स्पेस ही जोडी द्या. मराठी-इंग्रजी बदल एका टिचकीत. आणि एक चैन: ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांतल्या ‘ऱ्या’साठी शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई असा चार ठोक्यांचा मॅक्रो एकाच बटणावर.

भाचा ‘होम-रो मॉड्स’ सुचवेल: अक्षराचं बटण टेकलं तर अक्षर, धरलं तर कंट्रोल किंवा शिफ्ट. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या मधल्या ओळीत ओ, ए, हलन्त आणि पहिली वेलांटी बसलेत, आणि आपण ते व्यंजनाच्या पाठोपाठ, जवळजवळ एकत्रच दाबतो. फर्मवेअरला ते ‘धरलं’ असं वाटतं आणि वेलांटीच्या जागी फाइल सेव्ह होते. नको म्हणा.

ठेवायचा कसा: दोन्ही तुकडे खांद्याइतके लांब, कोपर काटकोनात, पहिले पंधरा दिवस सपाट. नंतर अंगठ्याकडची बाजू दहा-पंधरा अंश उचला. दाराला लावायच्या रबरी पाचरी त्यासाठी उत्तम.

राहिलं पुस्तक. ते नव्या कीबोर्डावर सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात वेग निम्म्यावर येईल, स्तंभ सरळ उभे असल्यानं म आणि स सारखे चुकतील. भाग आत्ता मागवा, यायला तीन-चार आठवडे जातातच. पुस्तक जुन्या कीबोर्डावर करा, उजव्या ऑल्टच्या बॅकस्पेससह आणि माउस डावीकडे ठेवून. नवा आला की रोज संध्याकाळी अर्धा तास, पत्रं आणि व्हॉट्सॲपपुरता. जुना टेबलावरच राहू दे, घाईच्या दिवशी बिनधास्त त्याच्याकडे वळा.

आणि डावा तुकडा भाच्याला करू द्या, उजवा तुम्ही करा. तो सुट्टी संपली की हॉस्टेलला जाईल. ट चा स्विच मरेल तो नंतरच, अंतिम मुद्रितं पाठवायच्या आदल्या रात्री. तेव्हा ते जादा स्विच, चिमटा आणि फर्मवेअरच्या फाइलची प्रत कुठल्या खणात आहे ते तुम्हाला माहीत असायला हवं.